खाऱ्या पाण्यातील रक्तबीज

१ जून ते ३१ जुलै हे एकसष्ट दिवस गोव्याच्या समुद्रात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. या अवधीत ट्रॉलर धक्क्यांना लागतात, काही होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, जाळी शिवली जातात आणि बोटींच्या तळांना वर्षभर चिकटलेले कवच खरवडून काढले जाते. हे खरवडलेले द्रव्य पुढे कोठे जाते हा प्रश्न आपल्या सार्वजनिक चर्चेत क्वचितच येतो. बोट पाण्यातच उभी असेल तर ते तेथल्या तेथे पाण्यात पडते. धक्क्यावर पडले तर पुढची भरती त्याला नदीत नेते. त्यात शिंपले असतात, शेवाळ असते आणि चुन्याच्या किंवा चामड्यासारख्या नळ्यांत राहणारे नाना जातींचे सागरी कृमीही असतात. खरवडले म्हणजे मेले, असे आपण धरून चालतो. या समजुतीचाच आज थोडा विचार करावयाचा आहे. यांपैकी काही कृमी तुकडे झाल्यावरही मरत नाहीत. उरलेल्या भागातून ते पुन्हा पूर्ण शरीर उभे करतात. आणि ते त्यांना साधते की नाही, हे पुष्कळ अंशी पाण्यातील मिठावर अवलंबून असते. ज्या प्रदेशातील नद्यांचे मीठ दर पावसाळ्यात धुऊन निघते, त्या प्रदेशाने ही गोष्ट प्राणिशास्त्राच्या पुस्तकातील एक कुतूहल म्हणून सोडून देणे योग्य होणार नाही.

देवीमाहात्म्यातील रक्तबीजाची कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्यातून तसाच दुसरा असुर उभा राही. जितके वार अधिक, तितके शत्रू अधिक. समुद्रकृमींच्या बाबतीत ही कथा अक्षरशः खरी नाही, पण अगदीच खोटीही नाही. गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळे होतात ही समजूत बऱ्याच अंशी चुकीची आहे. जातीजातींत मोठा फरक आहे. नेरीस कुळातील कृमी शेपटीकडचा भाग पुन्हा वाढवू शकतात, पण तुटलेले डोके त्यांना परत मिळत नाही. उलट पंख्यासारखा तुरा मिरविणाऱ्या सॅबेला कुळातील कित्येक जाती डोके आणि शेपटी ही दोन्ही टोके नव्याने घडवितात. अठराव्या शतकात स्वित्झर्लंडच्या बॉने याने गोड्या पाण्यातील कृमी कापून या शक्तीचा अभ्यास केला, आणि १७६८ मध्ये इटलीच्या स्पॅलॅन्झानी या धर्मोपदेशक शास्त्रज्ञाने प्राण्यांतील पुनर्जननावर आपला निबंध प्रसिद्ध केला. योगायोग असा, की आज ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या बंदरांना ज्या उपऱ्या कृमीने त्रस्त केले आहे, त्याला याच स्पॅलॅन्झानीचे नाव आहे: सॅबेला स्पॅलॅन्झानी.

अंग तुटल्यावर कृमीच्या शरीरात काय घडते? प्रथम तुटलेल्या जागेचे स्नायू आवळले जातात आणि जखमेचे तोंड बंद होते. मग बाहेरील त्वचा त्यावर पसरते. त्यानंतर तेथे पेशींची एक लहानशी कळी धरते आणि त्या कळीतून एकेक वलय, एकेक केस, तुऱ्याचा एकेक पिच्छ आकाराला येतो. हे काम काही दिवसांत सुरू होते आणि पुरे व्हायला आठवडे लागतात. या काळात एक मोठी अडचण असते. तुरा हेच या कृमीचे अन्न गोळा करण्याचे आणि श्वास घेण्याचे साधन. तोच तुटला असेल तर नवा येईपर्यंत त्याला उपास घडतो, आणि घर बांधण्याचा सारा खर्च साठवणीच्या शिदोरीतून करावा लागतो.

नेमके येथेच मीठ आडवे येते. आपल्या रक्तातील क्षारांचे प्रमाण आपले शरीर स्थिर राखते. बहुतेक सागरी कृमींना ते जमत नाही. बाहेरचे पाणी जितके खारट, तितकेच त्यांच्या अंगातील द्रव खारट होते. साधारण समुद्राच्या पाण्यात हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात. हे प्रमाण एकाएकी खाली आले की पाणी कृमीच्या पेशींत शिरते आणि पेशी फुगू लागतात. त्या फुटू नयेत म्हणून पेशींना आपल्याजवळची ग्लायसीन, ॲलानीन, प्रोलीन यांसारखी अमिनो आम्ले बाहेर टाकावी लागतात. प्रमाण वर गेले तर उलट घडते. पेशी आक्रसतात आणि तीच आम्ले पुन्हा जमवावी लागतात. या खटाटोपाला ऊर्जा लागते. नवे अंग घडविण्यालाही ऊर्जा लागते, आणि थैली एकच असते. घरात आजारपण निघाले की बांधकाम थांबते, तसाच हा प्रकार आहे. पोर्तुगालच्या आव्हेरू खाजणातील डायोपात्रा नावाच्या, गळाला लावण्यासाठी खणल्या जाणाऱ्या स्थानिक कृमीवर तेथील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खारटपणा बदलला की पुन्हा वाढण्याच्या क्षमतेवर परिणाम होतो, हे तपासून दाखविले गेले आहे.

तेव्हा खारटपणाचा ताण हा तुकड्यातून उठणाऱ्या कृमीच्या मार्गातील खरा अडसर आहे. परंतु तो सर्वांना सारखा अडवीत नाही. सॅबेला स्पॅलॅन्झानी ही मूळची भूमध्य समुद्राची आणि युरोपच्या अटलांटिक किनाऱ्याची रहिवासी. तिला समुद्राचे पाणी मानवते. गोड्या पाण्यात ती फार काळ तग धरत नाही. न्यूझीलंडमध्ये ती २००८ मध्ये लिटलटन बंदरात प्रथम सापडली आणि पुढे इतर बंदरांतही पसरली. धक्क्यांचे खांब, दोरखंड, कालवांच्या शेतांची चौकट यांवर तिची दाट वसाहत होते, आणि त्या वसाहतीचे शेकडो तुरे पाण्यातील अन्नकण स्थानिक शिंपल्यांच्या आधी गाळून घेतात.

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. १९२३ मध्ये फ्रान्समधील कां शहराच्या कालव्यात चुन्याच्या नळ्या बांधणारा एक कृमी फोवेल या शास्त्रज्ञाने वर्णिला. तो मूळचा कोठला याचा उलगडा न झाल्यामुळे त्याच्या नावातच ‘कोडे’ या अर्थाचा शब्द बसला. आज त्याला फायकोपोमॅटस एनिग्मॅटिकस म्हणतात. त्याला कमी खारट पाणीच विशेष मानवते. अर्जेंटिनातील मार चिकिता या किनारी सरोवरात त्याने काही मीटर व्यासाचे गोल खडक उभे केले आहेत. त्यांमुळे प्रवाहाची वाट बदलते, गाळ साचतो आणि तळाचे सारे जीवन पालटते. या कुळातील कृमींना नळीच्या तोंडाशी एक झाकण असते. पाणी बिघडले की झाकण लावून ते आत बसतात. हायड्रॉइडिस या त्यांच्या भाऊबंदांतील एक गोष्ट शंभर वर्षांहून अधिक काळ शास्त्रज्ञांना माहीत आहे: वापरातील झाकण तुटले तर शेजारी असलेले खुरटे झाकण वाढून त्याची जागा घेते. म्हणजे गोड्या पाण्यापासून बचाव करणारे दारसुद्धा तुटल्यावर पुन्हा मिळते. यांपैकी हायड्रॉइडिस एलिगन्स ही जाती जहाजांच्या तळांवरून जगभर फिरली असून भारतीय बंदरांतही ती आढळते.

आता आपल्या नद्यांकडे वळू. उन्हाळ्यात मांडवी आणि जुवारी यांच्या मुखाशी पाणी समुद्राइतकेच खारट असते, आणि भरतीचा जोर नदीत कित्येक किलोमीटर आतवर जाणवतो. पावसाळा सुरू झाला की चित्र पालटते. सह्याद्रीवरून उतरणारे पाणी हे मीठ लोटून देते आणि काही आठवडे वरचा थर जवळजवळ गोडा होतो. खाडीतील प्रत्येक जिवाची ही वार्षिक परीक्षाच म्हणावी लागेल. भूमध्य समुद्राला अशी परीक्षा नाही, न्यूझीलंडच्या बंदरांनाही नाही. मृग नक्षत्राचा पाऊस आपल्या शेतांप्रमाणे आपल्या खाड्यांचेही रक्षण करीत आला आहे. झाकण लावून काही दिवस काढणाऱ्या कृमीला काही आठवडे काढणे जड जाते; आणि ज्याचा तुरा तुटलेला आहे, जो उपाशी आहे, त्याला तर ते अधिकच जड.

मात्र या रखवालदारावर सारा भार टाकून स्वस्थ बसणे शहाणपणाचे नाही. याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण असे, की त्याचा पहारा ऋतूपुरता असतो आणि वरच्या थरापुरता असतो. पावसाळ्यातही नदीच्या मुखाजवळ वर गोडे पाणी आणि खाली जड खारे पाणी अशी अवस्था राहू शकते; खोल खांबाच्या बुंध्याशी बसलेल्या कृमीला वरचा पूर कदाचित जाणवणारही नाही. मुरगावचा धक्का तर नदीच्या आतील पात्रापेक्षा समुद्राला अधिक जवळचा. शिवाय पाऊस संपल्यापासून पुढच्या मृगापर्यंतचे आठ महिने मोकळे असतात, आणि कित्येक कृमींची पिढी तेवढ्यात सहज तयार होते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. परीक्षा जितकी कठीण, तितके उत्तीर्ण होणारे चिवट. गोड्या पाण्याने सॅबेलासारखे समुद्रप्रिय पाहुणे गळतील; पण फायकोपोमॅटससारखे, खारे आणि गोडे दोन्ही पचविणारे पाहुणे टिकतील, आणि प्रतिस्पर्धी गळाल्यामुळे त्यांना जागाही मोकळी सापडेल. गेल्या शतकातील एका शिंपल्याची कथा या ठिकाणी आठवावी. मध्य अमेरिकेकडील काळ्या पट्ट्यांचा मायटिलॉप्सिस हा शिंपला १९६७ मध्ये विशाखापट्टणम येथे आढळला आणि पुढे मुंबईतही पसरला. तोही खारटपणाचे चढउतार सोसणारा. हाच शिंपला १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे सापडला, तेव्हा तेथील शासनाने नौकातळांची दारे बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतले व त्याचे उच्चाटन केले. बंद दारे असलेल्या नौकातळात हे जमले. उघड्या खाडीत ते जमणे नाही, आणि जमले तरी त्या विषाने आपल्या तिसऱ्या, खुबे आणि कालवे वाचणार नाहीत.

तिसरे कारण आपल्या घरचे आहे. नदीला वरून येणारे गोडे पाणी कमी झाले, किंवा जहाजांसाठी पात्र खोल खणले, की खारे पाणी अधिक आत शिरते. हा जलशास्त्राचा साधा नियम आहे. म्हादईच्या वादात लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३ आणि गोव्याला २४ अब्ज घनफूट पाणी वाटून दिले. या वादाची चर्चा आपल्याकडे पिण्याचे पाणी, शेती आणि अभयारण्य यांपुरती होते, आणि ती व्हायलाच हवी. पण नदीच्या मुखाशी मीठ किती वर चढेल, कोणत्या महिन्यात चढेल आणि त्याबरोबर कोणते जीव वर येतील, हाही त्याच वादाचा भाग आहे. खाडीचा रखवालदार पगारावर ठेवायचा असेल, तर त्याचा पगार गोड्या पाण्यात द्यावा लागतो.

मिठाचा हाच गुण ओळखून जागतिक नौकानयनाने एक नियम केलेला आहे. माल नसलेले जहाज तोल राखण्यासाठी टाक्यांत पाणी भरून घेते. त्याला बॅलास्टचे पाणी म्हणतात. मुरगावहून लोहखनिज नेण्यासाठी येणारी जहाजे वर्षानुवर्षे अशीच परदेशचे पाणी पोटात घेऊन येत असत. हे पाणी किनाऱ्यापासून किमान २०० सागरी मैलांवर आणि २०० मीटरहून खोल समुद्रात बदलावे, असे ठरविण्यामागील एक कारण हेच, की बंदराच्या निमखाऱ्या पाण्यातील जीव भर समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सहसा जगत नाहीत. पण चिवट जीव त्यातूनही सुटत. म्हणून २००४ मध्ये स्वीकारल्या गेलेल्या आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने अधिक कडक माप घालून दिले: सोडलेल्या पाण्याच्या प्रत्येक घनमीटरात ५० मायक्रॉन वा त्याहून मोठे असे दहापेक्षा कमी जिवंत जीव असावेत. टाकीतल्या पाण्याला असे माप मिळाले. जहाजाच्या तळाचे तसे नाही. तळावरील वाढीबाबत आंतरराष्ट्रीय संघटनेने २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये त्या सुधारल्या. त्या सूचनाच आहेत, सक्ती नाही. न्यूझीलंडने मात्र २०१८ पासून येणाऱ्या जहाजांचा तळ स्वच्छ असावा असा बंधनकारक नियम केला आहे.

येथे कोणी म्हणेल, की गोव्यापुढे प्रश्न थोडे आहेत काय, म्हणून संपादकांनी किड्यांची चिंता वाहावी? आणखी कोणी म्हणेल, की परके म्हणून का हाकलायचे. मिरची, काजू, अननस हे सारे पोर्तुगीजांच्या गलबतांतूनच आले आणि आज त्यांच्यावाचून आपले पान वाढले जात नाही. दुसरा आक्षेप आम्हाला मान्य आहे. पाहुण्याची परीक्षा त्याच्या जन्मगावावरून करू नये, त्याच्या वागण्यावरून करावी. पण जो पाहुणा खांबांवर, जाळ्यांवर आणि कालवांच्या कवचांवर कबजा करतो, आणि एकदा बसला की उठविता येत नाही, त्याला दारातच ओळखणे हे शहाणपणाचे. पहिल्या आक्षेपाला उत्तर एवढेच, की खाडीवर पोट असलेल्या माणसाला हा किड्यांचा प्रश्न नसून तिसऱ्यांच्या टोपलीचा प्रश्न आहे.

उपाय काही फार खर्चाचे नाहीत. पहिला उपाय असा, की बोटी, बार्ज आणि मांडवीत वर्षानुवर्षे एका जागी उभी असलेली जहाजे यांचे तळ जमिनीवर ओढूनच साफ व्हावेत. पाण्यातच साफ करणे अटळ असेल तर खरवडलेले सर्व द्रव्य गोळा करणारे साधन वापरण्याची अट असावी. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यानंतर शेकडो बार्ज नद्यांत निकामी उभे राहिले होते. स्थिर तळावर वाढ सर्वांत जोमाने होते हे लक्षात घेता, अशा नौकांची तपासणी हा परवान्याचाच भाग असला पाहिजे. खरवडलेले द्रव्य उन्हात पुरते वाळवून मगच टाकले जावे.

दुसरा उपाय मिठाचा आहे. कालवांच्या कवचात भोके पाडणाऱ्या पॉलिडोरा कृमीवर परदेशांतील कालवे-पालक गोड्या पाण्यात किंवा तीव्र मिठवणीत बुडवण्याचा उपाय करतात. आपल्याकडे शिनाणे आणि कालवे यांची शेती वाढवायची असेल, तर दोर आणि पेटारे एका खाडीतून दुसरीत नेण्यापूर्वी अशी अंघोळ घालणे सक्तीचे करता येईल. एक सावधगिरी मात्र हवी: ती पुरेशी वेळ झाली पाहिजे. झाकण लावून बसलेल्या कृमीला अर्धवट डुबकी म्हणजे क्षणभराची गैरसोय; तो पुन्हा उघडतो आणि तुटलेले अंग पुन्हा वाढवितो.

तिसरा उपाय नजर ठेवण्याचा. दोनापावल येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. समुद्रतळाचे आणि कृमींचे जाणकार या राज्याच्या उंबरठ्यावर आहेत. मत्स्योद्योग खाते, बंदर प्राधिकरण आणि ही संस्था यांनी दर वर्षी दोन वेळा, एकदा मृगापूर्वी आणि एकदा पाऊस ओसरल्यावर, ठराविक धक्क्यांच्या खांबांची पाहणी करावी. पावसाळ्यात कोण गळाले आणि कोण टिकले, टिकलेल्यांत तुटलेले अंग पुन्हा वाढविणारे किती, याची नोंद ठेवली तर काही वर्षांत आपल्याला आपल्या रखवालदाराची खरी ताकद कळेल. हा अहवाल केवळ इंग्रजी नियतकालिकांत न राहता मराठीत आणि कोकणीत, चित्रांसह, धक्क्याधक्क्यांवर लागावा. नवा तुरा, नवी नळी प्रथम दिसते ती मच्छीमाराला आणि तिसऱ्या काढणाऱ्या बाईला. त्यांनी काय पाहिले हे विचारणारा कोणी असला पाहिजे.

मीठ अडवावे कसे आणि सोडावे कसे, हे या भूमीला कोणी नव्याने शिकवायला नको. खाजनाच्या बांधावरील मानशीचे दार ओहोटीला उघडते आणि भरतीला मिटते; गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते राखले म्हणून खाऱ्या नदीच्या काठी भात पिकले. बांधाला भगदाड पडले तर सारा गाव धावून जात असे. ज्या नदीचे मीठ आज अनेक खात्यांच्या, दोन शेजारी राज्यांच्या आणि जगभरच्या जहाजांच्या हाती गेले आहे, तिच्या मानशीची राखण कोण करणार, हे शासनाने स्पष्ट सांगितले पाहिजे.

रक्तबीज केवळ शस्त्राने मेला नाही. चामुंडेने त्याचे रक्त जमिनीवर पडण्यापूर्वीच झेलले, तेव्हा तो मेला. बोटीचा तळ खरवडणाऱ्या हाताखाली एक ताडपत्री पसरणे, एवढीच ती गोष्ट आहे. पुढच्या बंदीच्या काळापूर्वी हा नियम मत्स्योद्योग खात्याने काढावा, आणि ट्रॉलरमालकांच्या संघटनांनी तो येण्याची वाट न पाहता स्वतःहून पाळावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.